नव्या भूमींत जुनें दास्य : जोतीराव फुले ह्यांचें चरित्र

पुणें शहरांत १८७३ सालीं मराठी भाषेंत एक पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याचें नांव ‘गुलामगिरी’. त्या काळीं पुष्कळ ग्रंथकार आपलें पुस्तक एखाद्या राजास, सरदारास किंवा साहेबास अर्पण करीत, कारण त्यापासून आश्रयाची आशा असे. ह्या ग्रंथकारानें मात्र आपलें पुस्तक कधीं न पाहिलेल्या, समुद्रापलीकडील लोकांस अर्पण केलें. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांतल्या ज्या सज्जनांनीं आफ्रिकन दासांच्या मुक्ततेसाठीं स्वतःच्या हिताकडे पाहिलें नाहीं, त्यांचा त्यानें गौरव केला, आणि आपल्या देशबांधवांनींही त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांस मोकळें करावें अशी इच्छा दर्शविली. हा ग्रंथकार म्हणजे जोतीराव गोविंदराव फुले.

त्यांचें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. शाळेच्या भिंतीवर त्यांची तसबीर मुलें पाहतात, आणि मुलींची शाळा काढणारे गृहस्थ इतकें त्यांच्याविषयीं शिकतात. परंतु पुण्याच्या एका माळ्याच्या मुलाचें मन अमेरिकेंतील दासांच्या लढ्याकडे कां ओढलें गेलें, ह्याचा विचार थोडेच करितात. तो केल्यावांचून त्यांच्या आयुष्याचें सूत्र हातीं लागत नाहीं असें आम्हांस वाटतें. म्हणून आज त्यांचें चरित्र त्याच बाजूनें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालीं पुण्यांत झाला. पेशवाई जाऊन तेव्हां नऊ वर्षें झालीं होतीं. त्यांच्या पूर्वजांचें गांव सातारा जिल्ह्यांतील कटगुण, व मूळ आडनांव गोऱ्हे. पुढें हें घराणें पुण्यास येऊन पेशव्यांकडे फुलें पुरवूं लागलें, आणि त्या धंद्यावरून लोक त्यांस फुले म्हणूं लागले. जोतीराव तान्हे असतांनाच त्यांची आई चिमणाबाई वारली. सगुणाबाई क्षीरसागर ह्या नात्यांतील विधवा बाईनें त्यांचा मायेनें सांभाळ केला.

सात वर्षांचे झाल्यावर त्यांस पंतोजीच्या शाळेंत घातलें, परंतु कांहीं वर्षांनीं वडिलांनीं त्यांचें नांव काढून हातीं खुरपें दिलें. माळ्याच्या मुलास विद्या कशास हवी, अशी लोकांची समजूत होती, व बापाच्या मनावर तिचा पगडा होता. शेजारचे गफार बेग मुनशी व लिजिट नांवाचे साहेब ह्या दोघांनीं मुलाची बुद्धि पाहून गोविंदरावांचें मन वळविलें, आणि १८४१ सालीं जोतीराव पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेले. तेथें १८४७ पर्यंत त्यांचें इंग्रजी शिक्षण झालें. त्याच सुमारास थॉमस पेन ह्या लेखकाचें मनुष्याच्या हक्कांवरील पुस्तक त्यांच्या वाचनांत आलें, आणि मनुष्य जन्मतः कोणाचा दास नाहीं हा विचार त्यांच्या ठायीं रुजला.

पुढच्याच वर्षीं त्या विचाराची कसोटी लागली. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातींत जोतीराव चालत होते. कोणीं त्यांस ओळखलें, आणि माळ्यानें ब्राह्मणांच्या बरोबरीनें चालावें हें न खपून भर रस्त्यांत त्यांचा अपमान झाला. घरीं येऊन त्यांनीं वडिलांस ही हकीकत सांगितली, तेव्हां वडिलांनीं त्यांची समजूत घातली ती अशी कीं, पेशवाईंत असें घडतें तर कडक शिक्षा झाली असती, एवढ्यावर निभावलें हें बरें समजावें. राज्य बदललें होतें, परंतु बापाची भीति बदलली नव्हती. नवें राज्य आलें म्हणजे जुनें दास्य आपोआप जातें असें नाहीं, हें त्या दिवशीं त्या तरुणास कळलें असावें.

त्याच १८४८ सालीं जोतीराव सदाशिवराव गोवंडे ह्या मित्राबरोबर अहमदनगरास गेले व तेथील मुलींची शाळा त्यांनीं पाहिली. ती शाळा सिंथिया फरार ह्या अमेरिकन मिशनच्या बाई चालवीत. ह्या बाई अमेरिकेंतून १८२७ सालींच, म्हणजे जोतीरावांच्या जन्मवर्षीं, ह्या देशांत आल्या होत्या, आणि १८६२ सालीं नगरासच त्यांचा अंत झाला. पुण्यास परत येतांच जोतीरावांनीं बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा उघडली. शिकविण्यास बाई मिळेना, म्हणून त्यांनीं आपली पत्नी सावित्रीबाई ह्यांस शिकवून शिक्षिका केलें. सावित्रीबाई शाळेस जातांना लोक त्यांच्या अंगावर चिखल व शेण टाकीत. त्या दुसरें लुगडें बरोबर नेत, व शाळेंत गेल्यावर तें नेसून शिकविण्यास बसत.

लोकांच्या दडपणानें १८४९ सालीं गोविंदरावांनीं मुलास व सुनेस घराबाहेर काढलें. तरी १८५१ व १८५२ ह्या वर्षांत मुलींच्या आणखी शाळा निघाल्या, आणि महार-मांगांच्या मुलांसाठींही शाळा निघाली. १८५२ च्या नोव्हेंबरांत सरकारनें विश्रामबागवाड्यांत मेजर कँडी ह्यांच्या हस्तें शालजोडी देऊन जोतीरावांचा सत्कार केला. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्यांनीं आपला वाडा दिला ते भिडे, आणि ज्यांनीं खांद्यास खांदा लावला ते गोवंडे, वाळवेकर व परांजपे हे सर्व ब्राह्मण होते. जोतीरावांचें वैर मनुष्याशीं नव्हतें, तर मनुष्यास दास करणाऱ्या व्यवस्थेशीं होतें.

ह्या शाळांचें एक फळ १८५५ सालीं दिसलें. त्यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता नांवाच्या मांग मुलीनें महार-मांगांच्या दुःखांवर एक निबंध लिहिला, व तो अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. ज्या मुलीच्या आजास वेशीबाहेर उभें राहावें लागे, तिची वाणी आतां कागदावर उतरून गांवोगांव गेली.

आतां वाचकांनीं क्षणभर आमच्याबरोबर समुद्रापलीकडे चलावें, कारण ह्याच वर्षांत अमेरिकेंत एक मोठा तंटा पेटला होता, व त्याचा आमच्या गोष्टीशीं निकट संबंध आहे.

संयुक्त संस्थानांपैकीं दक्षिणेकडील संस्थानांत आफ्रिकेंतून धरून आणिलेल्या लोकांस व त्यांच्या संततीस गुरांप्रमाणें विकण्याची चाल होती. उत्तरेकडील संस्थानांनीं ती हळूहळू बंद केली होती. पश्चिमेकडे तेथील मूळ रहिवाशांस मागें रेटून अफाट जमीन वसाहतीसाठीं घेतली जात होती, आणि वस्ती वाढली कीं तेथें नवीं संस्थानें निर्माण होत. तीं दास ठेवणारीं व्हावीं कीं मुक्त व्हावीं, ह्यावर सर्व वाद होता.

नव्या जमिनीसाठीं एवढा हट्ट कां, असें कोणी विचारील. त्याचीं कारणें दोन. कापूस वर्षानुवर्षें एकाच शेतांत घेतला म्हणजे जमिनीचा कस जातो, हें आमच्या शेतकरी वाचकांस सांगणें नको. मळेवाल्यांस सतत नवी जमीन हवी असे. दुसरें कारण राज्यकारभाराचें. तेथील वरिष्ठ सभेंत लहान-मोठ्या प्रत्येक संस्थानाचे दोनच सभासद बसतात. दास ठेवणारीं संस्थानें वाढलीं नाहींत तर त्या सभेंत त्यांचा पक्ष दुबळा होणार, आणि आज ना उद्यां दास्याविरुद्ध कायदा होणार. म्हणजे जेथें दास्य होतें तेथें तें जगावें म्हणूनही त्यास नव्या भूमींत शिरणें भाग होतें.

प्रथम १८२० सालीं तडजोड झाली. मिसूरी संस्थानांत दास्य चालूं द्यावें, मेन हें मुक्त संस्थान व्हावें, आणि पश्चिमेच्या प्रदेशांत साडेछत्तीस अक्षांशाच्या उत्तरेस पुढें दास्य नसावें, असें ठरलें. मेक्सिकोशीं लढाई होऊन १८४८ सालीं आणखी मोठा मुलूख हातीं आला, तेव्हां भांडण पुन्हां उठलें. १८५० सालीं कॅलिफोर्निया मुक्त ठरला, परंतु पळून आलेल्या दासांस उत्तरेंतही पकडून धन्याच्या स्वाधीन करण्याचा कडक कायदा झाला. १८५४ सालीं डग्लस ह्या पुढाऱ्यानें असा कायदा करविला कीं, कॅन्सस व नेब्रास्का ह्या नव्या प्रदेशांतील वसाहतवाल्यांनींच दास्य ठेवावें कीं नाहीं हें ठरवावें. १८२० ची मर्यादा अशी मोडली. दोन्ही पक्षांचे लोक हत्यारें घेऊन कॅन्ससमध्यें शिरले व तेथें रक्तपात झाला. १८५७ सालीं ड्रेड स्कॉट नांवाच्या दासाच्या दाव्यांत वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला कीं, आफ्रिकन वंशाचा मनुष्य त्या देशाचा नागरिक होऊं शकत नाहीं, आणि नव्या प्रदेशांत दास्यास मनाई करण्याचा अधिकार काँग्रेस सभेस नाहीं.

ख्रिस्ती मंडळ्याही ह्या पापापासून अलिप्त नव्हत्या. शास्त्रवचनांच्या आधारें दास्याचें मंडन करणारे पाळक दक्षिणेंत पुष्कळ होते. ह्याच प्रश्नावर १८४४ सालीं मेथडिस्ट मंडळी व १८४५ सालीं बाप्टिस्ट मंडळी दुभंगली.

अशा वेळीं अब्राहाम लिंकन पुढें आले. ते गरीब शेतकऱ्याचे पुत्र. त्यांची मागणी प्रथम फार मोठी नव्हती. दास्य जेथें आहे तेथें त्यावर त्यांनीं हात टाकला नाहीं. नव्या भूमींत मात्र त्यास पाऊल टाकूं देऊं नये, एवढ्यावर ते अढळ राहिले. परंतु दास्याचे धनी जाणून होते कीं, वाढ खुंटली कीं मुळास वाळवी लागते. म्हणून १८६० सालीं लिंकन अध्यक्ष निवडून येतांच, त्यांनीं शपथ घेण्यापूर्वींच, सात संस्थानें फुटून निघालीं. १८६१ सालीं युद्ध सुरू झालें. १८६२ च्या जूनमध्यें सर्व नव्या प्रदेशांत दास्यास कायद्यानें मनाई झाली, १८६३ च्या १ जानेवारीस बंडखोर संस्थानांतील दासांच्या मुक्ततेचा जाहीरनामा निघाला, आणि १८६५ च्या डिसेंबरांत राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन दास्य नाहींसें झालें. त्यापूर्वींच, एप्रिलमध्यें, लिंकन ह्यांचा खून झाला होता. युद्धांत सहा लाखांवर मनुष्यें मेलीं. युद्धाच्या आरंभीं दास्यांत असलेल्यांची संख्या सुमारें चाळीस लाख होती.

ह्या युद्धाची झळ आमच्या खेड्यांसही लागली. दक्षिणेचा कापूस विलायतेस जाणें बंद झालें, तेव्हां गिरण्यांनीं मुंबईकडे मागणी केली, भाव चढले, आणि आमच्या शेतकऱ्यांनीं सावकाराचें कर्ज काढून कापूस लाविला. १८६५ सालीं युद्ध संपतांच भाव कोसळले, कर्ज मात्र राहिलें. पुढें १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें जाळलीं, त्या दंग्याच्या मुळाशीं हेंही एक कारण होतें.

आतां पुण्याकडे परत येऊं. आमच्या देशांत मनुष्याच्या खरेदीविक्रीचें दास्य १८४३ च्या कायद्यानें कोर्टांत मान्य होईनासें झालें होतें. परंतु जोतीरावांची दृष्टि कायद्याच्या शब्दांवर थांबली नाहीं. अमेरिकेंतील लोकांस धरून विकलें, येथील शूद्रांस जिंकून दास केलें, एवढाच दोहोंत भेद, बाकी दुःख एकच, असें त्यांनीं ‘गुलामगिरी’ ग्रंथांत मांडलें. आणि आमच्या समजुतीप्रमाणें त्यांचें खरें मोठेपण ह्यांत आहे कीं, हें जुनें दास्य आमच्या देशांत कोणत्या नव्या भूमींत शिरत आहे हें त्यांनीं ओळखलें.

येथें कॅन्ससप्रमाणें ओसाड रान नव्हतें. येथील नवी भूमि म्हणजे इंग्रजी राज्याबरोबर उघडलेलीं नवीं क्षेत्रें : सरकारी शाळा, कचेरी, न्यायकोर्ट, बांधकामाचें खातें, म्युनिसिपालिटी. पूर्वी हीं नव्हतींच; म्हणून त्यांवर कोणाचा परंपरेचा हक्कही नव्हता. परंतु दार उघडतांच जुनी व्यवस्था आंत जाऊन बसली. १८२१ सालीं सरकारनें पुण्यांत विश्रामबागवाड्यांत पाठशाळा काढली, ती आरंभीं केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठीं होती. १८५६ सालीं मुंबई इलाख्यांतील धारवाड येथें एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला, व मुंबई सरकारनेंही त्याची बाजू घेतली नाहीं. ड्रेड स्कॉटचा निकाल पुढच्याच वर्षींचा. पुढें १८५८ सालीं, सरकारी खर्चाच्या शाळा सर्व जातींस खुल्या असाव्या, असें धोरण जाहीर झालें; परंतु गांवच्या शाळेच्या ओट्यापर्यंत तें पोंचण्यास पुष्कळ काळ लोटला.

जोतीरावांनीं हें दुरून पाहिलें नव्हतें. ते मक्तेदार होते. खडकवासल्याच्या धरणास लागणारा माल ते पुरवीत, आणि अडाणी मजुराची मजुरी कारकुनाच्या कलमाखालीं कशी आटते हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. खेड्यांत कुळकर्णी जें लिही तेंच खरें, कारण शेतकऱ्यास अक्षर येत नव्हतें. बेडी लोखंडाची राहिली नव्हती. ती आतां शाईची झाली होती.

म्हणून त्यांचा लढा ह्या प्रत्येक दाराशीं झाला. १८७३ च्या २४ सप्टेंबरास त्यांनीं पुण्यांत सत्यशोधक समाज स्थापिला; मनुष्य व देव ह्यांच्यामध्यें दलाल नको, हें त्याचें मुख्य तत्त्व, आणि पुरोहितावांचून लग्नें लावण्यास त्यानें आरंभ केला. १८७६ पासून कांहीं वर्षें ते पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८२ सालीं हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणाची चौकशी करणारें कमिशन आलें, तेव्हां त्यांनीं लेखी निवेदन दिलें. सरकारचा वसूल रयतेच्या श्रमांतून येतो व तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. वरच्यांस शिकविलें म्हणजे विद्या आपोआप खालीं झिरपेल हा समज अनुभवानें खोटा ठरला आहे. म्हणून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, शेतकरी वर्गांतून शिक्षक तयार करावे व त्यांस पुरेसा पगार द्यावा, असें त्यांनीं मागितलें. सरकारनें तें मानिलें नाहीं. पुढच्या वर्षीं त्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, व विद्येच्या अभावीं शेतकरी पायरीपायरीनें कसा खचला हें दाखविलें.

दुसऱ्यांच्या दारीं जें मागितलें तें त्यांनीं स्वतःच्या घरीं आधीं केलें. फसलेल्या विधवांनीं लाजेनें बालहत्या करूं नये म्हणून १८६३ सालीं त्यांनीं बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें. तेथें जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलास त्यांनीं दत्तक घेतलें. तोच यशवंत, जो पुढें डॉक्टर झाला. १८६८ सालीं त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानिलेल्या लोकांस मोकळा केला. पुण्यांत ज्यांची सावली टाळीत, त्यांच्या घागरी त्या हौदांत बुडूं लागल्या.

मुंबईच्या लोकांनीं १८८८ च्या मे महिन्यांत जाहीर सभेंत त्यांस महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षीं त्यांस अर्धांगवायु झाला व उजवा हात लुळा पडला. तरी डाव्या हातानें लिहून त्यांनीं ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ पुरें केलें. तें त्यांच्या मागें १८९१ सालीं निघालें. १८९० च्या २८ नोव्हेंबरास पुण्यांत त्यांचा अंत झाला. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करितां करितां निवर्तल्या.

जोतीरावांचें सर्वच लिखाण आज विद्वान् मान्य करितात असें नाहीं. पुराणांतील कथांवरून त्यांनीं जो प्राचीन इतिहास रचिला त्यास पुरावा नाहीं, आणि त्यांची भाषा पुष्कळदां कठोर आहे. त्यांनीं मिशनच्या शाळेंत विद्या घेतली, मिशनरी लोकांविषयीं आदर बाळगिला, परंतु बाप्तिस्मा घेतला नाहीं. ते निर्मीकास, म्हणजे सर्वांच्या उत्पन्नकर्त्यास, आपल्या रीतीनें भजत राहिले. जें त्यांचें तें त्यांचें म्हणून सांगावें, आपलें म्हणून ओढूं नये. अमेरिकेच्या उदाहरणासही एक काळी कड आहे. १८६५ नंतर तेथें दास्य गेलें, परंतु निराळ्या शाळा, निराळे डबे व निराळे कायदे ह्या रूपानें तें शंभर वर्षें मागें रेंगाळलें, आणि १९६४ व १९६५ च्या कायद्यांनीं त्यास कोठें आळा बसला. आमच्या देशांत १९५० च्या राज्यघटनेनें अस्पृश्यता रद्द केली. ती घटना घडविण्यांत ज्यांचा मोठा वांटा, त्या डॉक्टर आंबेडकरांनीं शूद्रांच्या मूळाविषयींचें आपलें पुस्तक १९४६ सालीं जोतीरावांस अर्पण केलें होतें. अर्पणाचें ऋण असें पुढच्या पिढीनें फेडलें.

प्रिय वाचकहो, ह्या चरित्रापासून एक गोष्ट मनांत धरावी अशी आमची विनंती आहे. दास्य जुन्या घरांत स्वस्थ बसत नाहीं. तें नव्या घराच्या पायाभरणीच्या दिवशींच उंबऱ्याशीं येऊन उभें राहतें, आणि त्या दिवशीं त्यास आंत घेतलें तर पुढें काढण्यास रक्त सांडावें लागतें. ख्रिस्ती मंडळी ही देखील आमच्या गांवांत एक नवी भूमि होती. तींत आम्ही काय काय आंत येऊं दिलें? प्रभुभोजनाच्या पेल्यापाशीं पूर्वीची जात आठवणारे, सोयरीक जुळवितांना आधीं कूळ विचारणारे आमच्यांत आहेत. उद्यां गांवांत नवी पतपेढी निघेल, नवी शाळा निघेल, नळाची नवी तोटी बसेल, मुलांच्या हातीं नवीं यंत्रें येतील. प्रत्येक ठिकाणीं पहिल्याच दिवशीं विचारावें कीं, येथें कोणास मागें उभें केलें आहे. जोतीरावांनीं तें आपल्या हौदाच्या कांठीं विचारलें. आम्ही आपापल्या कांठीं विचारूं या.